एका पदरातल्या पाच जणी

प्रतिभा कोकरेला राग आला की तिची भाषा शुद्ध होत असे. एरवी ती वरवंडच्या धनगरवस्तीवर वाढलेल्या बाईसारखीच बोलायची, हाय-न्हाई करत. पण डोकं तापलं की पोपटराव मास्तरांनी तालमीत घोटून घेतलेली नाटकातली मराठी तोंडून आपोआप बाहेर पडायची. म्हणून शिरूरच्या त्या दुपारी, तुळजाबाईंच्या माडीवरच्या खोलीत, "आपल्या म्हणण्याचा अर्थ माझ्या ध्यानात आलेला नाही," असं ती अगदी हळू आवाजात म्हणाली, तेव्हा तबला लावत बसलेल्या जालिंदरने हातोडी खाली ठेवली आणि बन्सीमामांनी पेटीचा भाता मिटून घेतला. दोघांनाही वाटलं, झालं, आता गाणं काही होत नाही. परतीची एसटी कितीला आहे तेवढं बघायचं.

ही गोष्ट दोन हजार एक सालच्या जानेवारीतली. पण आधी पोपटराव मास्तरांचं सांगायला हवं, कारण ते नसते तर प्रतिभा शिरूरला गेलीच नसती.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. दौंडच्या रेल्वेत पार्सल ऑफिसात कारकून होते. दिवसभर आंब्याच्या पेट्या आणि माशांच्या टोपल्या वजन करून घ्यायच्या आणि संध्याकाळी संगीत नाटकं लिहायची. एकूण पाच लिहिली. पदं त्यांची, चालीही त्यांच्याच. रेल्वे कॉलनीतले गार्ड, फिटर, तिकीट तपासनीस गणपतीत ती नाटकं करायचे. अडचण फक्त नायिकेची होती. कॉलनीतल्या बायका गळा असूनही पुढे येईनात. अशात एकदा मास्तरांनी रुळाच्या कडेने डोक्यावर भाकरीचं फडकं घेऊन, मोठ्याने ओवी म्हणत येणारी एक पोरगी ऐकली. ती गँगमन भैरू कोकरेची प्रतिभा. भैरूच्या बापाने मेंढरं राखली, भैरूने रूळ राखले, आणि पोरगी अठराव्या वर्षी शालू नेसून राजकन्या झाली. वस्तीवर लोक काय काय बोलले ते बोलले. भैरू म्हणाला, मेंढरामागं बोंबलत हिंडलेलं चालतं, मग उजेडात गायलेलं का न्हाई चालायचं?

पुढे पाचही नाटकांत नायिका प्रतिभाच. तिचा नवरा शंभू लोकोशेडमध्ये फिटर होता आणि नाटकात प्रॉम्प्टर. विंगेत वही धरून बसायचा, पण वहीत कमी आणि बायकोकडे जास्त बघायचा, त्यामुळे इतरांचे संवाद अडकायचे. मास्तर गेले, गार्ड बदलून भुसावळला गेले, घरोघरी टीव्ही आला, मंडळ मोडलं. मग शंभूही गेला. आपलं माहेरचंच आडनाव तिने नाटकासाठी ठेवलं होतं, तेवढं राहिलं. आणि राहिल्या मास्तरांच्या पाच नायिका. त्यांची पदं ना कुठल्या कॅसेटवर होती, ना पुस्तकात. होती ती फक्त हिच्या गळ्यात.

तेव्हा प्रतिभाने एकटीचा कार्यक्रम बसवला. नायक नाही, पडदा नाही, राजवाडा नाही. दोन तास ती आणि एक साडी. पदर डोक्यावरून घेऊन त्याचा काठ दातात धरला की नवरी. दोन्ही खांद्यांवरून लपेटला की जात्यावर बसलेली सासुरवाशीण. पोटावरून पुढे ओढून धरला की दिवस गेलेली राणी. कमरेला खोचला की भर दरबारात राजाला जाब विचारणारी कुंभारीण. आणि सरळ सोडून दिला की शेवटची, नवरा लढाईवर गेलेली. या पाचवीच्या पदाच्या शेवटी बातमी येते आणि ती तळहाताने कपाळ पुसते. तिथे मास्तरांनी तान ठेवली नव्हती. नुसता सा. तो धरून ठेवायचा आणि पुसायचं. दौंडला कार्यक्रम केला तेव्हा त्या सा-ला समोरची लहान पोरंसुद्धा चळवळ करायची थांबली होती.

त्याच कार्यक्रमाला अपेक्षा नावाची एक तरुण सून होती. तिचं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं, आणि सासरे बापूसाहेब, साखर कारखान्याचे संचालक. ती डोळे पुसत भेटायला आली होती. यंदा तिचा फोन आला. ताई, आमच्या सासूबाईंचं हळदी-कुंकू असतं संक्रांतीनंतर, तुमचाच कार्यक्रम ठेवायचा मी हट्ट धरलाय, हजारो बायका येतात. हजारो बायका का येतात हे प्रतिभाला ठाऊक होतं. जिल्हा परिषदेची निवडणूक वर्षावर आली होती आणि जागा महिलेला सुटणार अशी कुणकुण होती. असेना का. मास्तरांच्या नायिका अजून भीमा ओलांडून पलीकडे गेल्या नव्हत्या. तिने हो म्हटलं.

एसटीत कंडक्टरने पेटी बघितली, बाई बघितली आणि चौफुल्याला उतरणार ना, असं विचारलं. चौफुल्याच्या तमाशा थेटरातल्या बायका गातात, आणि चांगल्या गातात, त्यात कमीपणा काही नाही. पण पेटी आणि बाई एका सीटवर दिसली की आपल्याकडच्या माणसाला दुसरा थांबाच आठवत नाही. शिरूर, तीन, असं प्रतिभाने सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

शिरूरला मांडवाच्या तोंडाशी तिचं नाव मोठ्या अक्षरांत लावलं होतं: सौ. प्रतिभा कोकरे. पत्रिकेतही तेच. आपल्याकडे छापणारा आधी सौ. जुळवून ठेवतो आणि मग बाईचं नाव विचारतो. प्रतिभाने ते वाचलं आणि सोडून दिलं. बाईमाणसाला सोडून द्यायची इतकी सवय असते की कधीकधी हातातली चांगली वस्तूही सुटून जाते.

तयारीला माडीवरची खोली दिली होती. तिथे कोपऱ्यात एक म्हाताऱ्या बाई तिळगुळाच्या पुड्या बांधत बसल्या होत्या. फिकं लुगडं, कपाळ मोकळं. त्या अनसाबाई, बापूसाहेबांच्या थोरल्या भावाच्या मागे राहिलेल्या, घरातल्या थोरल्या सूनबाई. घरचंच हळदी-कुंकू आणि घरातली सगळ्यांत मोठी बाई आतल्या खोलीत पुड्या बांधते आहे, यात त्या घरात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. त्यांनी प्रतिभाला कुठली काय विचारलं. वरवंडचे कोकरे म्हटल्यावर, मेंढरं हायत का अजून, असं विचारलं. गेली सगळी, असं प्रतिभा म्हणाली. जात्यातच, असं म्हणून त्यांनी पुडीला गाठ मारली.

प्रतिभाने नवरीचा चेहरा केला. नथ घातली, कपाळभर कुंकू रेखलं. तेवढ्यात बापूसाहेबांच्या पत्नी तुळजाबाई आल्या, मागे ओटीचं ताट घेऊन सून अपेक्षा. तुळजाबाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. चहा झाला का, पंखा लावू का, सगळं विचारलं. प्रतिभाच्या चेहऱ्याकडे बघून, अगदी लक्ष्मी दिसताय, असंही म्हणाल्या. मग कार्यक्रमात काय काय आहे ते त्यांनी विचारलं आणि अपेक्षाने उत्साहाने पाचही जणींचं सांगितलं. पाचवीपाशी येता येता मात्र तिचा आवाज आपोआप खाली गेला.

तुळजाबाईंनी हसूनच सांगितलं की तेवढं शेवटचं नको. सणाचा दिवस आहे, बायका नटूनथटून आल्यात, कुंकू पुसायचं काय दाखवायचं त्यांना. चौथीवर आटपा. प्रतिभा म्हणाली की चार जणींनी जे उभं केलेलं असतं ते पाचवी पुरं करते, ती काढली तर उरतं ते नुसतं पदांचं भेंडोळं. तुळजाबाईंनी मान हलवली, अगदी पटल्यासारखी, आणि म्हणाल्या, मग ठरलं, चौथीवर आटपा.

मग त्यांना मानाचं आठवलं. पहिली ओटी स्टेजवर कलाकाराची भरायची, फोटोग्राफर सांगून ठेवलाय. ताट पुढे घ्यायला त्यांनी अपेक्षाला खूण केली आणि सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "मालक बी रेल्वेतच का?"

"होते," प्रतिभा म्हणाली. "सहा वर्षं झाली त्यांना जाऊन."

अपेक्षाच्या हातातलं ताट, त्यातला नारळ, खण, सगळं हळूहळू तिच्या पाठीमागे गेलं. जणू ताटालाच लाज वाटली.

"मग पत्रिकेत सौ. कसं?" तुळजाबाईंनी विचारलं. प्रतिभाने फसवलं असावं, असा तो सूर.

"पत्रिका तुमची हाय. मी न्हाई छापली."

"आन् ह्ये?" तुळजाबाईंचं बोट तिच्या कपाळाच्या दिशेने आलं आणि हातभर अंतरावर थांबलं.

प्रतिभाने समजावलं, म्हणजे अजून तिला समजावावंसं वाटत होतं. हे कुंकू तिचं नाही, नाटकातल्या नवरीचं आहे. शंभू गेल्यावरही ती या कार्यक्रमात उभी राहिली होती, कुंकू लावून. पद संपलं की नवरी जाते, नवरीबरोबर कुंकू जातं. इतकी वर्षं कुणी हरकत घेतली नव्हती.

"तसं न्हाई वो ताई," तुळजाबाई म्हणाल्या. "मी असलं काय मानत न्हाई. पर लोक काय म्हंतील? थेटरात काय का लावंना कुनी. हितं सुवासिनी बसल्यात."

आपल्या तालुक्यात न मानणारीच माणसं जास्त. जो तो, मी मानत नाही पण लोक मानतात, असं म्हणतो. हे लोक म्हणजे कोण, कुठे राहतात, ते अजून कुणाला भेटलेले नाहीत. पण कारभार त्यांच्याच नावाने चालतो.

तेव्हा प्रतिभा ते वाक्य म्हणाली, आपल्या म्हणण्याचा अर्थ ध्यानात न आल्याचं. जालिंदरने हातोडी ठेवली ती तेव्हाच.

तुळजाबाईंनी न रागावता पुन्हा सांगितलं. कुंकू न लावता चार जणी गायच्या, पाचवी गायची नाही.

"म्हणजे कुंकू लावायचंही नाही आणि पुसायचंही नाही."

"हां, येवढंच," तुळजाबाई म्हणाल्या. एवढी अवघड बाब बाईला इतक्या लवकर कळली म्हणून त्यांना बरंच वाटलं असावं. जाता जाता त्यांनी अपेक्षाला ओला नॅपकीन आणून द्यायला सांगितला.

नॅपकीन आला. अपेक्षा काहीतरी पुटपुटली, ताई, मला वाटलं नव्हतं, आई तशा नाहीत. प्रतिभाने तिच्याकडे बघितलं नाही. दौंडला रडली होती ती हीच. आणि पुसायला फडकं घेऊन आली तीही हीच.

बन्सीमामांनी हळूच विचारलं, "जायचं का पोरी परत?"

तिला जायचं होतं. पेटी उचलून, जिन्यावरून पाय आपटत, मांडवामधून, सगळ्यांच्या देखत जायचं होतं. पण गेली असती तर इथल्या बायकांना एवढंच कळलं असतं की कोण एक गाणारी आली नाही. मास्तरांच्या पाचातल्या चार तरी होतील, असा विचार तिच्या मनात आला आणि तो आल्याचीच तिला जास्त चीड आली. शंभूच्या दहाव्याला नदीवर जावेने आणि नणंदेने मिळून तिचं कपाळ पुसलं होतं, एकीने मान धरली होती आणि एकीने हात चालवला होता. इथे कुणी मान धरली नव्हती. तिने आपल्या हाताने पुसलं. कोपऱ्यात अनसाबाईंचा हात पुडीवर थांबला होता. मग तो पुन्हा चालू झाला.

मांडव भरला होता. पुढे मानाचे सोफे, मागे खुर्च्या, त्यामागे सतरंज्या. स्टेजवर समई आणि ओवाळणीचं ताट. माइक बापूसाहेबांच्या मुलाच्या, विश्वजीतच्या हातात, आणि तो सोडायला त्याला जड जात होतं. सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर त्याने माइक दिला, पण स्वतः खाली उतरला नाही.

प्रतिभाने पदर डोक्यावरून घेतला, काठ दातात धरला आणि मोकळ्या कपाळाची नवरी उभी केली. आवाज लागला. राग होता तो गळ्यात उतरला आणि खालचे स्वर कधी नव्हे इतके भरून आले. पुढच्या बायका ऐकायला लागल्या. एकीने तर ताल धरला. अंतऱ्याला सुरुवात होते तोच विश्वजीतने तिच्या हातातला माइक अलगद काढून घेतला आणि पंचायत समितीच्या माजी सभापती ताईंचं आगमन झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. माइक परत आला. तुटलेला अंतरा नवरीने पुन्हा जोडला. दुसरीच्या वेळी पतसंस्थेच्या संचालिका आल्या. तिसरीच्या वेळी कुणाची तरी लहान मुलगी चुकली, आणि ते सांगायलाच हवं होतं, त्याबद्दल प्रतिभाने राग धरला नाही.

तिसरी झाली आणि विश्वजीतने शेवटची घोषणा केली. उजव्या बाजूला वाण वाटप सुरू होत आहे, प्रत्येक सुवासिनीने रांगेत यावं, गर्दी करू नये, कार्यक्रम चालूच राहील. वाण म्हणजे निळी प्लॅस्टिकची बादली होती, वर बापूसाहेबांचा आणि तुळजाबाईंचा जोडीचा फोटो चिकटवलेला. अशी घोषणा झाल्यावर कार्यक्रम चालू राहतो असं ज्याला वाटतं त्याने बादली कधी फुकट मिळवलेली नाही. सगळा मांडव एकदम उठला. खुर्च्या पडल्या, पोरं रडली, बांगड्या वाजल्या.

प्रतिभाने पदर कमरेला खोचला आणि कुंभारणीचं पद सुरू केलं. भर दरबारातलं पद, आणि समोर दरबार म्हणून नुसत्या पाठी. जालिंदर जोर लावून वाजवत होता, पण बादल्यांचा खडखडाट त्याहून मोठा. बोल तिचे तिलाच ऐकू येईनात. रांगेकडे बघत ती गात राहिली. त्या बायकांचा तिला राग आला नाही. घरात बादली लागते, पाणी एक दिवसाआड येतं. राग आला तो दोन्ही एकाच वेळी ठेवणाऱ्याचा. पद संपलं. एकही टाळी आली नाही. चौथीवर आटपा, असं सांगितलंच होतं. आटपलं.

तेव्हा तिला दिसलं की सगळ्या उठलेल्या नाहीत. मांडवाच्या अर्धवट उघड्या कनातीबाहेर, शेजारच्या गोदामाच्या भिंतीला टेकून, वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. बहुतेक म्हाताऱ्या, काही तिच्या वयाच्या. मांडीवर सुनांची, लेकींची पोरं. कुणाच्याच कपाळाला काही नाही. त्यांना बोलावणं नव्हतं, पोरं सांभाळायला म्हणून आल्या होत्या आणि बाहेरच बसल्या होत्या. बादली त्यांच्यासाठी नव्हती, त्यामुळे उठायचं कारणच नव्हतं. तोंडं मात्र स्टेजकडे होती. म्हणजे मघापासून सगळं ऐकलं होतं ते यांनी.

"आत या," प्रतिभा माइकवर म्हणाली. "खुर्च्या रिकाम्या हायत."

त्या एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. आमचं हितनंबी भागतंय."

घराच्या बाजूने अनसाबाई येताना दिसल्या. पुड्या बांधून झाल्या होत्या की तशाच टाकून आल्या होत्या, कोण जाणे. कनातीचं कापड हाताने बाजूला करून त्या आत आल्या, मधल्या वाटेने सरळ चालत पुढे गेल्या आणि माजी सभापतींनी नुकत्याच रिकाम्या केलेल्या सोफ्यावर मांडी घालून बसल्या. मागे वळून भिंतीकडच्या बायकांना म्हणाल्या, "या गं. उन्हात काय बसलाय." घरातल्या थोरल्या बाईने म्हटल्यावर मग त्या उठल्या. आधी दोघी, मग पाच-सहा, मग सगळ्या. सोफे भरले, पहिली खुर्च्यांची रांग भरली. चपला मात्र सगळ्यांनी बाहेरच काढल्या.

प्रतिभाने पदर सोडून दिला. बन्सीमामांनी वर बघितलं. पाचवी? तिने मान हलवली.

पण पाचवीला आधी कुंकू लागतं. ते असल्याशिवाय तिला गमवायला काय? स्टेजवर ओवाळणीच्या ताटात करंडा होता. प्रतिभा चालत गेली, करंडा उघडला आणि सगळ्यांच्या समोर, आरसा नसताना, अनामिकेने कपाळभर कुंकू लावलं. पेटीवर सा वाजला.

"भाळीचा हा सूर्य सख्यांनो, मावळला ना अजुनी..."

रांगेत कुजबूज झाली. मग कुजबूजही थांबली. बायका हातात बादल्या घेऊन, तिथल्या तिथे उभ्या राहून ऐकू लागल्या. विश्वजीत दोन पावलं पुढे आला आणि समोरच्या सोफ्यावर चुलती दिसताच तिथेच थांबला. पाचवी वाट बघते, धुळीचा लोट दिसतो तेव्हा हसते, मग एकच घोडा येतो. प्रतिभाने ते सगळं डोळ्यांनी दाखवलं. पुढच्या बायकांना दाखवायची गरज नव्हती. त्यांनी तो घोडा पाहिलेला होता, कुणी दवाखान्याच्या दारात, कुणी कारखान्याच्या गेटवर, कुणी हायवेच्या कडेला.

सा लागला. तिने तळहात कपाळाकडे नेला.

"पुसू नगं गं," पहिल्या रांगेतली एक म्हणाली.

नाटक बघणाऱ्याने म्हणावं तसं ते म्हटलेलं नव्हतं. शेजारणीला म्हणावं तसं होतं. मग दुसरी म्हणाली, तिच्या मागची म्हणाली. मांडीवरचं पोर सावरत एक अर्धवट उभीच राहिली. प्रतिभाचा हात हवेत, सा चालूच, श्वास संपत आलेला. तेवढ्यात उजवीकडून तुळजाबाई आल्या, वाण वाटता वाटता तशाच, हाताला हळद. स्टेजच्या पायरीशी उभ्या राहून, आवाज चढू न देता म्हणाल्या, "ताई, आधी ते पुसा."

सा तुटला. प्रतिभा त्यांच्याकडे वळली. माइक तोंडासमोरच होता, आणि ते लपवायचं तिला आता कारण नव्हतं.

"आपणच सांगितलं होतंत. पुसायचं नाही."

चारी कर्ण्यांतून ते बाजारपेठेपर्यंत गेलं. तुळजाबाईंचा चेहरा उतरला. त्या पुढे काही बोलणार होत्या, बोलल्याही असत्या, त्यांना बोलायचा सराव होता. पण त्यांच्या पाठीमागून अनसाबाई म्हणाल्या, "तुळजा, बाजूला हो. मागच्यास्नी दिसंना."

थोरल्या जावेला उलटून बोलायचं नाही, ही त्या घरातली जुनी रीत. कुंकवाची रीत जितकी जुनी तितकीच, आणि चारचौघांत मोडली तर लोक काय म्हणतील हा प्रश्नही तोच. तुळजाबाई बाजूला झाल्या. बसल्या मात्र नाहीत. रांगेतल्या कुणीतरी बादली खाली ठेवली. मग आणखी कुणी. पुढच्या बायका परत येऊन पाहतात तर त्यांच्या खुर्च्यांवर म्हाताऱ्या. एक सून आपल्या सासूला, आत्याबाई, माझी पिशवी हाय तिथं, असं हळूच म्हणाली, तर सासूने पिशवी काढून तिच्या हातात दिली आणि परत पुढे बघू लागली. बाकीच्या मुकाट्याने मागे जाऊन बसल्या.

प्रतिभाला वाटलं होतं की असं काही झालं तर राग उतरेल. तसा तो उतरला नाही. सहा वर्षांचा होता, नॅपकीनचा होता, तोडलेल्या अंतऱ्यांचा होता. आता कुठे नीट पेटला होता. घाम कपाळावरून येऊन कुंकवापाशी थांबला होता आणि तिने तो टिपला नाही.

"झालं का?" अनसाबाईंनी विचारलं.

"झालं," प्रतिभा म्हणाली.

"हिचं कळलं. पर मघा चौथीचं बादल्यांच्या नादात काय ऐकू आलं न्हाई. भांडत हुती न्हवं कुनासंगट ती?"

"राजाशी."

"मंग ते परत म्हन."

प्रतिभाने पदर ओढून कमरेला घट्ट खोचला. बन्सीमामांना तिने पट्टी एकाने चढवायला सांगितली. त्यांनी एकदा तिच्या वयाकडे बघितल्यासारखं केलं, मग काही न बोलता बोटं वर सरकवली. जालिंदरने डग्ग्यावर थाप मारून बघितली.

मांडवाच्या तोंडाशी एक पांढरी गाडी थांबली आणि कुणी तरी बडे पाहुणे उतरले. विश्वजीत नाव जाहीर करायला लगबगीने स्टेजवर चढला आणि त्याने माइकसाठी हात पुढे केला.

तिने माइक दिला नाही. त्याच्याकडेच बघत तिने पहिली ओळ उचलली.

"सांग नृपाळा, घट हा माझा फोडियला कवणाने?"